आधी पांढरे, मग काळे

ठेव तो काळ्या रंगाचा डबा खाली. ठेव म्हणतो ना! झाकण उघडलंस तर उद्यापासून दुसरी गाडी बघ.

हो, चिडलोय. तुझं म्हणणं कळलं मला. बॉयलर तापायला अजून दीड तास आहे, तोवर हातावर हात ठेवून काय बसायचं, जुन्या झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे काळे करून टाकू, नवे पांढरे काय मागाहून मारूच. असंच ना? फार शहाणपणाचं बोललास. दोन वर्षांपूर्वी एक साहेबही हेच बोलला होता, आणि त्या शहाणपणापायी एक बाई रस्त्यात मेली. मेली, पण गेली मात्र नाही.

हसू नका. बसा सगळे इकडे, गाडीच्या आडोशाला. रस्ता अडवायचे लाल कोन लावलेत ना? पिवळा दिवा फिरतोय ना? मग झालं. पट्ट्यांचा माल वितळेपर्यंत ऐका. ही थाप नाही. ज्याच्यावर हे गुदरलं त्याच्याबरोबर मी सोळा वर्षं हीच गाडी चालवली. बरंचसं त्याच्या तोंडून ऐकलेलं आहे, आणि शेवटचं मी ह्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आमच्या टोळीचा मुकादम होता तो. सगळे त्याला ओळंबा म्हणायचे. गवंड्याचा ओळंबा कसा, भिंत कललेली असो नाहीतर गवंडी, तो आपला सरळच लोंबणार. तसा हा. खडूची दोरी रस्त्यावर ताणून एक झटका दिला की जी रेघ उठायची, तिच्यावर डोळे मिटून पट्टा मारावा. बायको करवादायची, "ह्यांना घरातल्या चपलासुद्धा एका ओळीत लागतात." असा माणूस.

सोळा डिसेंबरची रात्र, सोमवार. भुताच्या गोष्टीत अमावास्या लागते म्हणे, इथे तर पौर्णिमा आदल्याच दिवशी झालेली. लख्ख चांदणं. काम अगदी साधं होतं. संध्याकाळी साहेबाचा फोन आला, "हॉस्पिटलच्या गेटासमोर तुम्ही पुसलेले पट्टे रात्री दिसतात, अशा चार तक्रारी आल्यात. गाडीवाले घाबरून ब्रेक मारतायत. काळा नीट बसलेला नाही. रात्री जाऊन बघून ये, फोटो काढ, सकाळी टेबलावर पाहिजेत."

आता ह्यात भुताचं काही नाही बरं का. तुम्ही नवे आहात म्हणून सांगतो. पांढरा माल ओला असताना त्यावर आपण काचेचे बारीक मणी शिंपडतो. गाडीच्या दिव्याचा उजेड त्यांच्यावर पडला की तो उलटा ड्रायव्हरच्या डोळ्यात जातो, म्हणून पट्टा चमकतो. वर काळा मारला तरी चाकांनी काळा झिजतो आणि खालचं पांढरं डोकावायला लागतं. धंद्यातली रोजची कटकट आहे ती. ओळंब्यालाही तेच वाटलं. बायकोनं मफलर दिला आणि म्हणाली, "फोन चार्ज करून न्या. भूत भेटलं तर आधी मला कळवा, मग पळा." तो नुसता हसला. पण स्कूटर काढताना त्याचा पाय जड झाला होता. त्या जागेवर तो महिनाभर फिरकला नव्हता. लांबचा वळसा घालून जायचा. का, ते कळायला थोडं मागचं ऐका.

त्या गेटासमोर अकरा पट्ट्यांचा झेब्रा होता. पलीकडे बसस्टॉप. हॉस्पिटलातली संध्याकाळची पाळी रात्री बाराला सुटायची, आणि शेवटची बस बारा वीसची. तिथे एक आया होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणायचे. एकवीस वर्षं त्या ह्याच अकरा पट्ट्यांवरून घरी गेल्या. डोळे अधू होते. म्हणायच्या, "लांबचं काही दिसत नाही रे मला. पण पांढरं दिसतं. पांढऱ्यावर पाय पडला की मी निर्धास्त." दरवर्षी आम्ही तो झेब्रा उजळायला जायचो तेव्हा मावशी कमरेवर हात ठेवून हजर. "नीट मारा रे. वाकडा मारलात तर मीही वाकडी चालेन, आणि लोक म्हणतील म्हातारी पिऊन आली." असं झाडून झालं की थर्मासमधला चहा सगळ्यांना. आमच्यातल्या कोणालाच तो कधी चुकला नाही.

मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की ह्या झेब्र्यामुळे गाड्या तुंबतात. हलवा तो एकशे चाळीस पावलं पुढे, कोपऱ्यावर. कोणाला विचारलं? चालणाऱ्याला? छे! चालणारा म्हणजे ह्यांच्या लेखी टायरखालचा खडा. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी नकाशावर फुली मारली आणि आम्हाला पाठवलं.

ती तीन नोव्हेंबरची रात्र. ऐन वेळी बॉयलरचा बर्नर बंद पडला. माल वितळल्याशिवाय पांढरा पट्टा पडत नाही. काळा रंग काय, गारच मारता येतो. ओळंब्यानं साहेबाला फोन केला, "आज राहू द्या. उद्या दोन्ही एकदम करतो."

साहेब म्हणाला, "रस्ता अडवायची परवानगी आजची आहे. काळा मारून घ्या. पांढरे उद्या मारू."

"साहेब, मधल्या वेळात माणसं जातील कुठून?"

"एका रात्रीत काय आभाळ कोसळतंय?"

ओळंब्यानं काळा मारला. आयुष्यात पहिल्यांदा वाकला. आणि शेवटचा, अकरावा पट्टा झाकत असताना मावशी गेटाबाहेर आल्या. थबकल्याच. "अरे, हे काय करताय? मी कुठून जाऊ मग?"

तो म्हणाला, "तिकडे कोपऱ्यावर नवे मारतोय, मावशी. उद्या."

"उद्या ना? का तुझा उद्या म्हणजे आमच्या डॉक्टरांचा 'आलोच पाच मिनिटांत' आहे?"

"उद्या म्हणजे उद्या. शब्द देतो."

मग त्यानं स्वतः हात धरून त्यांना पलीकडे पोचवलं, आणि गाडीत येऊन कामाच्या तक्त्यावर सही केली. तुम्ही पाहिलाय तो तक्ता. एका जागेला एकच ओळ, आणि त्या ओळीत एकाच दमात छापलेलं असतं: जुने पुसले, नवे मारले. पुढे तारीख, पुढे सही. अर्ध्या कामाला जागाच नाही. उद्या मारायचेच आहेत, असं म्हणून त्यानं सही ठोकली. ह्यात काही वावगं आहे असं तेव्हा त्याच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही. आम्ही सगळे वर्षानुवर्षं तशाच सह्या करत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी आमची टोळी उचलून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला नेली. कोणी बडी असामी येणार होती, तिच्या वाटेवरचे पट्टे रंगवायचे. चांगले ठणठणीत पट्टे होते, दुरून चमकत होते, त्यांच्यावर पुन्हा पांढरा चढवायचा! नऊ दिवस आम्ही ते करत होतो. ओळंबा रोज साहेबाला म्हणायचा, "हॉस्पिटलचा झेब्रा राहिलाय." साहेब रोज म्हणायचा, "उद्या." नऊ रात्री त्या रस्त्यावर ना जुना झेब्रा होता, ना नवा.

बारा नोव्हेंबर, मंगळवार. रात्री बारा वाजून दहा मिनिटं. एका गाडीनं मावशींना उडवलं. जागच्या जागी गेल्या. गाडीवाला म्हणाला, "पट्टे नव्हते तिथे, मी वेग कशाला कमी करू?" मला त्याचा गळा दाबावासा वाटला. पण पट्टे नव्हते हे तो खरंच बोलत होता.

पुढचं ऐका, म्हणजे मी का तापतो ते कळेल. तिसऱ्या दिवशी पहाटे चारला साहेबानं आम्हाला झोपेतून उठवलं आणि कोपऱ्यावर नवे पट्टे मारून घेतले. चौकशीवाले आले तेव्हा पांढरे शुभ्र पट्टे हजर, आणि तक्त्यावर तीन नोव्हेंबरची सही हजर. निकाल काय लागला? नवीन क्रॉसिंग जवळच उपलब्ध असताना मृत महिलेने भलत्या ठिकाणी रस्ता ओलांडला, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. मेलेल्या माणसाच्या माथी मारायला काय लागतं? ती कुठे उत्तर द्यायला येतेय!

आणि हॉस्पिटलच्या वॉचमननं मला पुढे काय सांगितलं माहीत आहे? पहिल्या तीन रात्री मावशी कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या होत्या. नवे पट्टे शोधत. परत येऊन त्याला म्हणाल्या, "पोरानं शब्द दिलाय. मलाच दिसत नसतील. तू बघून ये रे." तो बघून आला. नव्हते. मग बिचाऱ्या आपल्या जुन्या जागेवरूनच जायला लागल्या, कारण निदान तिथे दिव्याचा खांब तरी होता.

डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांची मुलगी डेपोत आली. एकटीच. शिवणकाम करते, गळ्यात टेप तसाच राहिलेला. ओळंबा दोरी गुंडाळत होता, मी गाडी धूत होतो. ती म्हणाली, "काका, मला तुमच्याकडून काही नको. एवढंच सांगा, त्या रात्री कोपऱ्यावर पट्टे होते का? लोक म्हणतात, तुझ्या आईला चार पावलं जास्त चालायचा कंटाळा आला. एकवीस वर्षं माझ्या आईनं दुसऱ्यांची आजारी माणसं उचलली, तिला कसला कंटाळा?"

ओळंबा दोरी गुंडाळतच राहिला. साहेबानं सगळ्यांना बजावलं होतं, तोंड उघडाल तर सहीवाला आधी आत जाईल. त्यानं मूग गिळले. मीही गिळले. मी तर पाण्याचा पाइप आणखी जोरात सोडला, ऐकू येऊ नये म्हणून. थू माझ्या जिंदगानीवर! पोरगी गेटापर्यंत गेली, मागे वळली आणि म्हणाली, "आई तुम्हाला चहा द्यायची ना?"

बस. एवढंच.

तर असा हा ओळंबा त्या सोमवारी रात्री तिथे पोचला. बाराला पाच कमी. स्कूटर बसस्टॉपजवळ लावली. रस्ता रिकामा. खांबावरचा दिवा नेमका गेलेला, पण चांदणं होतं. चमकणारं जॅकेट डिकीतच राहिलं. दोन मिनिटांचं काम, म्हणून त्यानं ते घातलं नाही.

टॉर्च मारून पाहिलं. काळा व्यवस्थित होता. कुठे झिजलेला नाही, कुठे पापुद्रा नाही. बोट फिरवून पाहिलं. सपाट. फोटो काढले. काळ्या रस्त्याचे काळे फोटो. गाडीवाल्यांना भास होतात काय, असं मनाशी म्हणत तो कडेला आला.

तेवढ्यात वळणावरून एक गाडी आली. तिचा झोत रस्त्यावर पडला. आणि पट्टे उठले.

एक. दोन. तीन. चार. पाच. सहा.

गेटाच्या बाजूनं सहा. पांढरे, ताजे, आत्ता मणी शिंपडल्यासारखे. सहाव्यानंतर काही नाही. अर्ध्या रस्त्यात संपलेले.

गाडीनं करकचून ब्रेक मारला. ड्रायव्हरनं काच खाली केली आणि ओरडला, "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? अर्धाच झेब्रा मारून ठेवता? माणसानं अर्ध्यात जाऊन काय करायचं?" आणि गेला निघून.

ओळंब्यानं टॉर्च मारली. काळा रस्ता. तो खाली बसला. पहिला पट्टा जिथे असायला हवा तिथे तळवा टेकला.

गरम.

डिसेंबरची थंडी. बाकीचा रस्ता बर्फ. आणि तेवढी जागा गरम. आत्ताच माल ओतल्यासारखी. पुढे सरकला. दुसरा, गरम. तिसरा. चौथा. पाचवा. प्रत्येक आधीच्यापेक्षा जास्त. सहाव्यावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. तळवा लाल झाला होता. सातवा... गार. आठवा गार. पुढे सगळे गार.

मावशी सहाव्यावर गेल्या होत्या. पोलिसांनी खडूनं आखलं होतं तिथे.

त्याची पाचावर धारण बसली. उठून उभा राहिला, रस्त्याच्या मधोमध. हॉस्पिटलात कुठेतरी पाळी सुटल्याची घंटा झाली. बारा.

मग गेटाकडून आवाज आला.

चपलांचा. चट... चट... चट...

कोणी दिसत नव्हतं. चांदण्यात रस्ता स्वच्छ दिसत होता. आवाज जवळ येत होता. सावकाश. अंदाज घेत. डोळ्यांनी अधू माणूस चालतं तसा. पहिला पट्टा. दुसरा. तिसरा. चौथा. पाचवा.

सहावा.

त्याच्यापासून हातभर अंतरावर आवाज थांबला.

काही नाही. वारासुद्धा नाही.

पुन्हा गेटाकडून. चट... चट... पुन्हा सहा. पुन्हा थांबला. पुन्हा गेटाकडून.

किती वेळा, ते त्याला सांगता आलं नाही. पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. प्रत्येक खेपेला चालणं जोरात होत होतं. आधी अंदाज घेणारं. मग ठाम. मग चिडलेलं. शेवटी पाय आपटत. माणूस एकाच दारावर रोज येतं, रोज परत पाठवलं जातं, आणि एक दिवस ते दार लाथेनं वाजवतं ना... तसं.

"मावशी...?" तो म्हणाला.

आवाज थांबला. अगदी समोर.

"मावशी, मी..."

आणि कानाशी, अगदी सावकाश...

"उद्या ना...?"

त्याला पळायचं होतं. पाय उचलेना. बूट जमिनीला धरलेले. खालून ऊब चढत होती, बुटातून, पावलातून, पोटरीतून. माल उकळताना बॉयलरमध्ये जसा बुडबुड आवाज होतो, तसा आवाज पायाखाली. त्यानं जोर लावला. हलेना. तो सहाव्या पट्ट्यावर उभा होता.

वळणावर उजेड आला. गाडी. जोरात.

झोत रस्त्यावर पडला. ओळंब्यानं खाली पाहिलं.

काळं.

ह्या खेपेला एकही पट्टा नाही. सगळा रस्ता काळा. त्यानंच केलेला. आणि मधोमध तो, काळ्या स्वेटरमध्ये, ज्याला कोणी पाहू शकत नाही असा. हात हलवले. ओरडला. गाडीचा वेग कमी होईना. का व्हावा? पट्टे नव्हते तिथे.

तेव्हा त्याला कळलं, नऊ दिवस आम्ही त्या बाईला कशात चालायला लावलं होतं ते.

"नव्हते!" तो किंचाळला. "नव्हते मारले! कोपऱ्यावर काही नव्हतं, मावशी! मी सही केली! खोटी सही केली मी! तुमची चूक नव्हती... सांगतो मी. तुमच्या पोरीला सांगतो. उद्या नाही. आज. आत्ता!"

उजेड डोळ्यांत घुसला...

आणि पट्टे उठले. सहा नाही. अकरा. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, अख्खा रस्ता पांढराशुभ्र.

ब्रेक. टायरचा वास. बंपर त्याच्या गुडघ्याला टेकून उभा.

ड्रायव्हर बाहेर आला. "पट्टे दिसले म्हणून दाबला ब्रेक," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. ओळंबा त्याच्याकडे बघत नव्हता. तो ऐकत होता. त्याच्या शेजारून चपला पुढे चालल्या होत्या. सातवा... आठवा... नववा... दहावा... अकरावा. बसस्टॉपच्या फरशीवर एकदा वाजल्या. मग नाही.

रात्री सव्वा वाजता त्यानं डेपोत येऊन माझ्या गाडीचं दार बडवलं. मी आतच झोपायचो. चेहरा चुन्यासारखा. मी त्याचे बूट उलटे करून पाहिले, टाच, तळ, सगळं जागेवर. तळव्यावर लाली तेवढी होती. त्यानं मला सगळं सांगितलं आणि म्हणाला, "बॉयलर पेटव."

"कोणाच्या परवानगीनं?"

"मावशींच्या."

मी पेटवला. पुढे काही विचारायला तोंड कुठे होतं मला? आम्ही दोघांनी पहाटेपर्यंत गेटासमोर जुन्याच जागी अकरा पट्टे मारले. दोरी त्यानं ताणली. रेघ नेहमीसारखीच सरळ पडली. उजाडल्यावर तो तडक मावशींच्या मुलीकडे गेला. तिच्या शिलाईच्या टेबलावर बसून, तिच्यासमोर, सगळं कागदावर लिहिलं. कधी काळा मारला, कधी पांढरे मारले, सही कधी केली, कोणाच्या सांगण्यावरून. खाली त्यानं सही केली. शेजारी मीही केली. पोरगी रडली नाही. तिनं कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "एवढं लिहायला तुम्हाला महिना लागला?"

काय म्हणालास? साहेबाचं पुढे काय झालं? काय व्हायचंय! वरच्या मजल्यावर मोठं टेबल मिळालं. ओळंब्याला घरी बसवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! आज भाजीच्या दुकानात बसतो तो, आणि भेंड्यासुद्धा एका ओळीत लावतो. पण चौकशीचा निकाल बदलला. ती 'निष्काळजीपणा'वाली ओळ काढावी लागली त्यांना. आणि ते गेटासमोरचे अकरा पट्टे आजही तिथेच आहेत. पुसायची ऑर्डर काढायला कोणी धजावलं नाही.

कसा बदलला म्हणतोस? निकाल असा सहजासहजी बदलतात होय ते? आमच्या कागदाला आधी कोण विचारतंय! त्याच दिवशी दुपारी आम्ही तिघं ऑफिसात गेलो, मी, ओळंबा आणि मावशींची मुलगी. साहेबानं कागद वाचला आणि हसला. म्हणाला, "लिहायला काय, आज कोणीही काहीही लिहील. तक्त्यावर तीन तारखेची सही आहे. तक्ता खोटं बोलत नाही." पोरीला म्हणाला, "या, तुमच्या डोळ्यांनी बघा, म्हणजे खात्री होईल." कपाटाला कुलूप होतं, चौकशी संपल्यापासून. किल्ली त्याच्याच खिशात. त्यानं कुलूप काढलं, फाइल काढली, तक्ता उघडून तिच्यासमोर ठेवला.

आणि त्याचा हात तसाच राहिला.

त्या ओळीवर... जुने पुसले, नवे मारले, तारीख, सही... त्या अख्ख्या ओळीवर एक पांढरा पट्टा होता. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. बोटभर रुंद, सरळ. रंग नव्हे, पोरांनो. आपला माल. वर मणी. खिडकीतून ऊन येत होतं, त्यात ते चमकत होते.

हा माल एकशे ऐंशी डिग्रीला ओततात. कागदावर ओतला तर कागद करपून जाईल. तो कागद कुठे पिवळासुद्धा पडला नव्हता. वरच्या-खालच्या ओळी जशाच्या तशा. साहेबानं नखानं खरवडून पाहिलं. निघेना.

मग त्या पोरीनं हात पुढे केला. पट्ट्यावर बोट टेकवलं. तसंच ठेवलं, बराच वेळ. आणि आमच्याकडे न बघता, हळूच म्हणाली...

"काका... अजून गरम आहे."